शहराचा कार्बन सातबाऱ्यावर ठरतो

पुण्याच्या पूर्वेकडे वाघोली आणि पश्चिमेकडे हिंजवडी. रस्त्याने मोजले तर या दोन ठिकाणांत सुमारे 30 किलोमीटरचे अंतर पडते. वाघोलीत ऐपतीत बसणारे घर मिळाले आणि नोकरी मात्र हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये लागली, अशा एखाद्या माणसाचा रोजचा हिशेब मांडून पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला 15 किलोमीटर धावणारी मोटार दर किलोमीटरला 150 ग्रॅमच्या आसपास वायू सोडते. जाऊन-येऊन 60 किलोमीटर म्हणजे दिवसाला 9 किलो, आणि वर्षाला कामाचे 250 दिवस धरले तर सव्वादोन टन. भारतात दर माणशी कार्बन डायऑक्साइडचे वर्षाचे सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या घरात आहे आणि त्यात वीज, कारखाने, सिमेंट, वाहतूक असे सगळे धरलेले असते. एकट्याने गाडीत बसून केवळ कामावर ये-जा करणारा हा माणूस सरासरी भारतीयाच्या साऱ्या वर्षाच्या वाट्याहून अधिक कार्बन त्या एका सवयीपायी सोडतो.

याच हिशेबात आता दोन वेगवेगळे बदल करून पाहू. पहिला बदल असा की त्याने विजेवर चालणारी मोटार घेतली. चार्जिंगमधली गळती धरून अशा मोटारीला किलोमीटरमागे सुमारे 0.15 युनिट वीज लागते. आपल्याकडची वीज अजून बव्हंशी कोळशावर तयार होत असल्यामुळे एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. त्याचे वर्षाचे उत्सर्जन सव्वादोन टनांवरून दीड टनाच्या थोडे पुढे येऊन थांबते. दुसऱ्या बदलात वाहनाचे नवे तंत्रज्ञान काहीच नाही. त्याला कामापासून 4 किलोमीटरवर घर मिळाले आणि तो साध्या पेट्रोलच्या स्कूटरवर जाऊ लागला, इतकेच. किलोमीटरला 50 ग्रॅम या दराने त्याचे वर्षाचे उत्सर्जन 100 किलो होते, म्हणजे विजेच्या मोटारीपेक्षा सुमारे पंधरा पटींनी कमी. आकडे ढोबळ आहेत, पण त्यांतले अंतर इतके मोठे आहे की थोड्याफार चुकीने निष्कर्ष बदलत नाही.

कमी कार्बनचे शहर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सौर पॅनेल, विजेच्या बस आणि भिंतींवर वेली चढवलेल्या इमारती येतात. या गोष्टी उपयोगाच्या आहेतच. मात्र घर, काम, शाळा आणि बाजार यांच्यात किती अंतर असेल, त्या अंतरात सलग रस्ता असेल की नाही आणि त्या रस्त्यावर बस वळू शकेल की नाही, हे सारे फार आधी ठरलेले असते. शहराच्या कडेच्या गावातली शेतजमीन बिनशेती होते, सातबाऱ्याच्या जागी भूखंडांचा नकाशा येतो, त्या दिवशी पुढच्या शंभर वर्षांचा कार्बन जवळपास मुक्रर होतो. इमारत पाडून पुन्हा बांधता येते, बस बदलता येते, पण रस्त्यांची जाळी एकदा पडली की ती हलवणे जवळजवळ अशक्य असते. पुण्याच्या पेठांत दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या आखणीवर आजही माणसे चालतात, ते यामुळेच.

हिशेबात काय येते आणि काय निसटते

मुंबईने मार्च 2022 मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी 2019 या वर्षाचा जो ताळेबंद मांडला गेला, त्यानुसार मुंबईचे उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन, म्हणजे माणशी 1.8 टनांच्या आसपास होते. त्यातला 72 टक्के वाटा इमारतींमध्ये आणि उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा होता, 20 टक्के वाहतुकीचा आणि 8 टक्के कचऱ्याचा. हे आकडे पाहून कोणी म्हणेल की वाहतूक तर पाचवा हिस्साच आहे, मग अंतराचे एवढे अवडंबर कशाला? याची दोन उत्तरे आहेत. मुंबईत वाहतुकीचा वाटा कमी दिसतो, कारण ते शहर लोकल गाड्यांच्या मार्गांवर लांबट वाढले आणि तिथले लाखो लोक लोकल आणि पाय यांच्या जोरावर रोजचा प्रवास करतात. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या शहरांना तो वारसा नाही. तिथे शहर आधी पसरले आणि सार्वजनिक वाहतूक त्याच्या मागून धापा टाकत आली.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. शहराच्या ताळेबंदात साधारणपणे शहरात जळणारे इंधन, शहरात वापरलेली वीज आणि शहराचा कचरा धरला जातो. शहर ज्या सिमेंट-पोलादातून उभे राहते, त्याचे उत्सर्जन मात्र कारखाना जिथे असेल त्या जिल्ह्याच्या नावावर पडते. सिमेंट तयार करताना चुनखडी भट्टीत भाजली जाते. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली तर तिच्यातून 44 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि भट्टीच्या कोळशाचा धूर त्याच्यावर वेगळा. पुण्या-मुंबईतल्या टॉवरचा कार्बन चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरसारख्या ठिकाणच्या सिमेंट भट्ट्यांतून आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रातून आकाशात गेलेला असतो, आणि धूळ-उन्हाळाही तिकडच्या लोकांनीच सोसलेला असतो. पसरट शहराला रस्ते, उड्डाणपूल, जलवाहिन्या, मलवाहिन्या यांची लांबी माणशी अधिक लागते. अंतर वाढले की पेट्रोल वाढते तसे सिमेंटही वाढते.

पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडण्यात आला. तो बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. मेट्रोचा मार्ग आणि नवा दुमजली पूल यांसाठी जागा हवी होती आणि जुना पूल त्यात बसत नव्हता. पूल बांधण्याचा कार्बन, पाडण्याचा कार्बन आणि पुन्हा बांधण्याचा कार्बन असा तिहेरी खर्च झाला. नियोजन उशिरा झाले की कार्बन कसा वाढतो, हे यापेक्षा सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

बांधाची भिंत कशी होते

2001 ते 2011 या दहा वर्षांत पुणे महापालिकेची लोकसंख्या 25 लाखांवरून 31 लाखांवर गेली आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडची 10 लाखांवरून 17 लाखांवर. त्यानंतर जनगणना झालेली नसली तरी वाढीचा वेग डोळ्यांना दिसतो. महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे आली आणि त्या वेळी तिचे क्षेत्र 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. वाघोली त्या 23 गावांपैकीच एक. ही गावे महापालिकेत आली तेव्हा त्यांतली पुष्कळशी जमीन आधीच बांधली गेली होती. वाढ आधी, हद्द नंतर आणि आराखडा त्याहून नंतर, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम आहे.

आराखड्याविना वाढ होते म्हणजे नेमके काय होते? शेतीच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत लांबट, तिरकस, अरुंद पट्ट्यांत विभागलेल्या असतात. त्यांच्यामधून जाण्याचा मार्ग म्हणजे बैलगाडीपुरती पाणंद. एक बिल्डर एक गट नंबर विकत घेतो, बिनशेती करून घेतो, आपल्या हद्दीपुरता रस्ता आखतो आणि शेवटी कंपाउंडची भिंत घालतो. शेजारचा बिल्डर त्याच्या गटात तेच करतो. जिथे पूर्वी बांध होता आणि ज्यावरून माणूस ओलांडून जाऊ शकत होता, तिथे आता आठ फुटी भिंत उभी राहते. खिडकीतून दिसणारी शाळा हाकेच्या अंतरावर असते, पण तिथे पोहोचण्यासाठी मुख्य रस्त्यावर येऊन, वळसा घालून दीड-दोन किलोमीटर जावे लागते. मूल मग चालत जात नाही. ते व्हॅनने जाते किंवा आईच्या स्कूटरवर.

सगळ्या सोसायट्यांची वाहने अशी एकाच मुख्य रस्त्यावर उतरतात, कारण समांतर रस्ताच नसतो. विकास आराखड्यात दाखवलेला 18 किंवा 24 मीटरचा रस्ता जागेवर तुकड्यातुकड्यांत असतो: ज्या मालकाने जमीन दिली तिथे डांबर, ज्याने दिली नाही तिथे ऊस किंवा पत्र्याची शेड. पुण्यात या न जुळलेल्या तुकड्यांना सरळ ‘मिसिंग लिंक’ म्हणतात आणि त्यांच्या याद्या निघत असतात. बससाठी सलग रस्ता लागतो. बारा मीटर लांबीची बस अर्धवट रस्त्यावरून मागे फिरू शकत नाही. त्यामुळे बस मुख्य रस्त्यापुरतीच राहते, घरापासून थांबा लांब पडतो, आणि ज्याला परवडते तो पहिल्या पगारात दुचाकी व पुढे मोटार घेतो. त्याला बेजबाबदार म्हणण्यात काही अर्थ नाही. त्याच्यापुढे दुसरा पर्याय नकाशानेच ठेवलेला नसतो.

छोट्या प्लॉटांची गोष्ट आणखी निराळी. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे कागदावर कोणतीही रचना मंजूर न करता विकले जातात, त्यांवर घरे उभी राहतात, आणि कालांतराने ती नियमित करण्याची मागणी होते. यासाठी 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला. त्यात 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या विकासाला नियमित करण्याची सोय होती. 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आणली गेली. या घरांतल्या लोकांना पाणी आणि मलनिःसारण मिळायलाच हवे, यात वाद नाही. तरीही, ज्यांनी रस्त्यासाठी जागा सोडली त्यांच्यापेक्षा ज्यांनी सोडली नाही त्यांचा फायदा होतो, हा संदेश दर वेळी अधिक पक्का होतो.

आराखडा कागदावर असतो, मग अडते कुठे

महाराष्ट्रात नियोजनाचा मुख्य कायदा म्हणजे 1966 चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्यानुसार शहराने साधारण वीस वर्षांचा विकास आराखडा करायचा, त्यात रस्ते, शाळा, बागा, दवाखाने यांची आरक्षणे दाखवायची, लोकांच्या हरकती व सूचना ऐकायच्या आणि राज्य सरकारची मंजुरी घ्यायची. पुण्याच्या जुन्या हद्दीचा 2007 ते 2027 या काळासाठीचा आराखडा जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला, म्हणजे ज्या वीस वर्षांसाठी तो होता त्यांतली दहा आधीच उलटली होती. आराखडा तयार होत असताना शहर थांबून राहत नाही.

मंजुरीनंतर खरी अडचण सुरू होते. आरक्षणाची जमीन पालिकेने ताब्यात घ्यायची, तर तिचा बाजारभावाने मोबदला द्यायचा आणि तेवढा पैसा पालिकेकडे नसतो. अंतिम आराखड्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादन झाले नाही तर आरक्षण रद्द होते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच आहे, कारण कोणाची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवता येत नाही. पण त्यामुळे नकाशावरची बाग किंवा शाळा गळून पडते. एफएसआय आणि टीडीआर देऊन रोख पैशांऐवजी बांधकामाचे हक्क देण्याची वाट काढली गेली, तिने काही जमिनी मिळाल्या, मात्र त्या हक्कांमुळे जी जादा वस्ती होते ती नेमकी कुठे उतरेल यावर फारसे नियंत्रण राहिले नाही. (एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक: भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट एकूण बांधकाम करता येईल, त्याचे गुणोत्तर. टीडीआर म्हणजे आपल्या भूखंडावर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेण्याची मुभा.)

1987 च्या आराखड्यात पुण्याभोवती सुमारे 36 किलोमीटरचा एक वर्तुळाकार उच्च क्षमतेचा सार्वजनिक वाहतूक मार्ग दाखवलेला होता. तो झाला नाही. त्या आखणीवर जिथे-तिथे घरे उभी राहिली आणि पुढे जेव्हा जेव्हा त्याची चर्चा निघाली तेव्हा भूसंपादनाचा प्रश्न आधीच्यापेक्षा मोठा झालेला होता. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या राखीव मार्गिकेचा, प्रयोग झाला. नगर रस्त्यावरची मार्गिका तर पुढे काढूनही टाकण्यात आली. मेट्रोचे पहिले दोन टप्पे मार्च 2022 मध्ये सुरू झाले. ज्या रस्त्यावर बससाठी जागा राखून ठेवता आली असती, तिथे ती तेव्हा न राखल्यामुळे आता तीच सोय खांबांवर किंवा जमिनीखालून, कित्येक पट खर्चाने आणि कित्येक पट काँक्रीटने करावी लागते.

जमीन न विकत घेता रस्ता

यावरचा उपाय आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1915 मध्ये मुंबई इलाख्यासाठी नगररचनेचा कायदा झाला. त्यात ‘नगररचना योजना’, बोलीभाषेत टीपी स्कीम, ही पद्धत होती. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या उपनगरांतले सरळ रस्ते आणि नेटके भूखंड अशा योजनांतून आले. पुढे इलाख्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले. गुजरातने ही पद्धत चालू ठेवली, अहमदाबादचा 76 किलोमीटरचा सरदार पटेल वर्तुळमार्गही बऱ्याच अंशी याच वाटेने मिळालेल्या जमिनीवर झाला. महाराष्ट्रात मात्र ती मागे पडली आणि सारा भर विकास आराखडा व भूसंपादन यांवर राहिला. गेल्या दशकात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने म्हाळुंगे-माणच्या योजनेपासून तिला पुन्हा हात घातला.

पद्धत समजायला अवघड नाही. समजा एका पट्ट्यात 100 एकर जमीन आहे आणि तिचे 60 मालक आहेत. सर्वांच्या जमिनी कागदावर एकत्र केल्या जातात. त्यातून आधी रस्ते, बागा, शाळा, नाल्याची कड आणि दुर्बल घटकांच्या घरांची जागा कापून घेतली जाते. उरलेल्या जमिनीचे चौकोनी, रस्त्याला लागून असलेले भूखंड पाडून ते त्याच मालकांना शक्यतो त्यांच्या मूळ जागेजवळ परत दिले जातात. ज्याची 40 गुंठे तिरकस जमीन आत अडकलेली होती, त्याला रस्त्यालगतचा 20-24 गुंठ्यांचा भूखंड मिळतो. क्षेत्र घटते, तरी किंमत वाढते. कोणीही बेघर होत नाही, एकालाच सगळा तोटा आणि शेजाऱ्याला सगळा लाभ असे होत नाही, आणि पालिकेला जमीन विकत घेण्यासाठी पैसा उभा करावा लागत नाही. हडपसरजवळ मगरपट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन विकून टाकण्याऐवजी एकत्र आणून विकसित केली. ती टीपी स्कीम नव्हती, खासगी उपक्रम होता, पण बांध मोडून जमीन एक केली की काय साधते ते तिथे दिसते: ऑफिस, घर, शाळा आणि दवाखाना एकाच आखणीत बसले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वारसांचे वाद, कुळांचे हक्क, सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदी यांत वर्षे जातात. शिवाय, आपल्या जमिनीचा निम्मा हिस्सा सोडायचा तर सरकारवर विश्वास हवा, आणि तो एका परिपत्रकाने येत नाही. आणखी एक गोष्ट अहमदाबादकडे पाहून कळते. टीपी स्कीमने रुंद, सलग रस्ते मिळतात, पण त्या रुंदीत पदपथ, झाडे आणि बसची मार्गिका आखली नाही, तर तो रस्ता मोटारींनीच भरतो. जाळी ही संधी आहे. ती वापरायची कशी, हा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

वेळेचे महत्त्व नवी मुंबईने शिकवले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना 1965 च्या सुमारास मांडली आणि 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली. प्रत्येक उपनगरात घरे आणि रोजगार सोबत असावेत, आणि ही उपनगरे रेल्वेने जोडलेली असावीत, अशी ती आखणी होती. सरकारी कार्यालये खाडीपलीकडे नेण्याची अपेक्षा पूर्ण झाली नाही, मंत्रालय जागचे हलले नाही, आणि रेल्वे वाशीला पोहोचली ती 1992 मध्ये. तरीसुद्धा, रेल्वेसाठी आणि स्थानकांसाठी जागा आधीपासून राखलेली असल्यामुळे ती उशिरा का होईना, वस्ती न पाडता आली.

उंची, दाटी आणि भाडे

कमी अंतराचे शहर म्हणजे दाट शहर. दाटीचे नाव काढले की चाळीतली गर्दी आणि पाण्यासाठीची भांडणे आठवतात, आणि ते चुकीचे नाही, कारण आपण दाटी नेहमी सोयींशिवायच पाहिली आहे. मेट्रो स्थानकाभोवतीच्या 500 मीटरच्या परिसरात अधिक एफएसआय देण्याचे धोरण पुण्यात आहे आणि त्यामागचा तर्क बरोबर आहे: स्थानकापासून पाच-सात मिनिटे चालण्याच्या अंतरात जितके अधिक लोक राहतील, तितके अधिक लोक गाडीविना निघतील. मला त्यात दोन खटकणाऱ्या गोष्टी दिसतात. एक म्हणजे, जादा एफएसआयच्या इमारतीत पार्किंगचे तीन-चार मजले बांधण्याची सक्ती किंवा मुभा असेल, तर आपण मेट्रोशेजारी मोटारींचे गोदाम उभे करत असतो. दुसरी गोष्ट भाड्याची. स्थानक जवळ आले की जागेचा भाव वाढतो आणि आधी तिथे राहणारे, जे आजवर बसने आणि पायी जात होते, ते लांब जातात. घरकाम करणाऱ्या बाई, सुरक्षारक्षक, भाजीवाले हे आजच्या शहरातले सर्वांत कमी कार्बनचे नागरिक आहेत. त्यांना कडेला ढकलून मोटारवाल्याला स्थानकाजवळ आणले, तर ताळेबंदात काहीच कमावले जात नाही. मोठ्या शहरांत 4000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात 20 टक्के छोटी, परवडणारी घरे ठेवण्याची तरतूद राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत आहे. ती सामाजिक न्यायाची तरतूद म्हणून ओळखली जाते. कार्बनच्या दृष्टीनेही ती तितकीच मोलाची आहे.

बसबद्दल एक खुलासा करायला हवा. डिझेलची शहर बस किलोमीटरला ढोबळमानाने 900 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. मोठी वातानुकूलित विजेची बस सव्वा ते दीड युनिट वीज घेत असेल, तर आजच्या कोळशाच्या विजेवर तिचा आकडाही फार लांब राहत नाही. विजेची बस धूर आणि आवाज थांबवते, आणि वीज जसजशी सौर व पवन होत जाईल तसतसा तिचा कार्बन आपोआप उतरेल, त्यामुळे ती घ्यावीच. पण बसमध्ये 40 माणसे असतील तर माणशी 22 ग्रॅम आणि 10 असतील तर 90 ग्रॅम, हा फरक इंधनाच्या फरकापेक्षा मोठा आहे. बस भरण्यासाठी ती दर दहा मिनिटांनी यायला हवी आणि थांब्यापर्यंत चालता यायला हवे.

इमारतींचे काय? घरांसाठी 2018 मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. भिंती आणि खिडक्या यांतून घरात शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 15 वॉटच्या वर जाऊ नये, असे तिचे सूत्र आहे. सोप्या शब्दांत, पश्चिमेकडे मोठी काच लावायची नाही, खिडकीवर खोल छज्जा द्यायचा, भिंत पोकळ किंवा हलक्या विटांची करायची. एसी बसवल्यावर वीज वाचवण्यापेक्षा एसी कमी लागेल असे घर बांधणे स्वस्त पडते. एसीने घरातून काढलेली उष्णता गल्लीतच सोडली जाते, म्हणून दाट वस्तीत एकाचा गारवा दुसऱ्याची झळ होते. इथेही भूखंडाची आखणी आडवी येते: तिरकस, अरुंद गटात इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवून तिच्या रुंद बाजू उत्तर-दक्षिणेला आणणे वास्तुविशारदाच्या हातात राहत नाही. छतावरच्या सौर पॅनेलबद्दलही अपेक्षा माफक ठेवाव्यात. 80 फ्लॅटच्या टॉवरचे छत 600 चौरस मीटर असेल, तर सगळे छत वापरूनही फ्लॅटमागे दिवसाला तीनच युनिट येतात. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतील, घरातले एसी चालणार नाहीत.

पाण्याचा विचार कार्बनच्या संदर्भात क्वचित होतो. छत्रपती संभाजीनगर जायकवाडीच्या जलाशयापेक्षा सुमारे 100 मीटर उंचावर आहे, म्हणून जायकवाडीतून येणारा प्रत्येक घोट विजेने वर चढवलेला असतो, आणि गळतीत गेलेले पाणी म्हणजे वाया गेलेली वीज. कचऱ्यात मोठा प्रश्न ओल्या कचऱ्याचा आहे. तो डेपोत कुजला की मिथेन वायू होतो आणि शंभर वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो. कचरा घरीच वेगळा करून वॉर्डातच जिरवला तर मिथेनही टळतो आणि ट्रकच्या फेऱ्याही.

टेकड्यांची गोष्ट मात्र लांबली. 1997 मध्ये पुण्यात आलेल्या 23 गावांच्या टेकड्या आणि उतार यांवर, जवळपास एक हजार हेक्टरवर, जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले. ते आरक्षण राज्याकडून कायम व्हायला 2015 उजाडले. त्या अठरा वर्षांत उतारांवर बांधकामे झाली. टेकडी पाणी मुरवते आणि रात्री शहराला थंड वारा देते. या दोन्ही गोष्टी कोणत्याही यंत्राने विकत घेता येत नाहीत.

नव्या गावांचे आराखडे जेव्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होतात, तेव्हा नकाशा मोठा असतो, खुणा बारीक असतात आणि बहुतेक लोक फक्त आपल्या जमिनीवर आरक्षण पडले का, एवढेच शोधतात. ते साहजिक आहे. त्याच वेळी आणखी काही गोष्टी पाहता येतील. आपल्या घराजवळचा 18 मीटरचा रस्ता दोन्ही टोकांना दुसऱ्या रस्त्याला मिळतो की मध्येच संपतो. प्राथमिक शाळेचे आरक्षण वस्तीच्या मध्यभागी आहे की कोणालाच नको असलेल्या कोपऱ्यात. नाल्याच्या दोन्ही कडांना चालण्यापुरती पट्टी सोडली आहे की भूखंड थेट पाण्यापर्यंत गेले आहेत. आणि दोन सोसायट्यांच्या मधून किमान पायी जाण्याची वाट ठेवली आहे का. यांतले काहीही निसटले असेल तर मुदतीत लेखी हरकत देता येते, आणि त्या मुदतीत नकाशावर एक रेघ हलवायला केवळ रबर लागतो.